दोन अक्षरांचं शून्य

रत्नागिरीतल्या एका तंत्रनिकेतनात मी एकोणतीस वर्षं सी नावाची संगणकाची भाषा शिकवली. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक विचारतात, "म्हणजे नेमकं काय शिकवलंत हो?" माझ्याकडे नेहमी मासळी घेऊन येणाऱ्या बाईनंही एकदा विचारलं. मी तिला म्हटलं, "सात लिहिलेला असला म्हणजे तो सात असतोच असं नाही, हे शिकवलं." तिनं टोपलीतल्या बांगड्यांवरून नजर काढून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "एकोणतीस वर्षं?"

हो, एकोणतीस वर्षं. आणि त्यातली निदान पहिली वीस माझी मलाच ती गोष्ट पुरती कळलेली नव्हती.

थोडं समजावून सांगते, पुढचं सोपं जाईल. तुम्ही संगणकाच्या बटणांपैकी सातचं बटण दाबता तेव्हा यंत्राच्या हाती सात पडत नाही. त्याच्या हाती सातचं अक्षर पडतं. क, ख, स्वल्पविराम, तसंच हे एक अक्षर. प्रत्येक अक्षराला यंत्राच्या पोटात एक क्रमांक असतो, आणि सातच्या अक्षराचा क्रमांक आहे पंचावन्न. शून्याच्या अक्षराचा अठ्ठेचाळीस. पंचावन्नातून अठ्ठेचाळीस वजा केले की मग खरा सात मिळतो, ज्यात काही मिळवता येतं, ज्याला दुसऱ्याशी ताडून बघता येतं. हे केलं नाही आणि बाराच्या पुढे सात मिळवायला सांगितलं, तर यंत्र दोन्ही शेजारी मांडून एकशे सत्तावीस करून देईल आणि त्याला त्यात काही गैर वाटणार नाही. अक्षरांच्या अशा ओळीला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. स्ट्रिंगचा आकडा करायचा, आकड्याचं जे काय करायचं ते करायचं आणि माणसाला दाखवताना पुन्हा त्याची अक्षरं करायची. सगळे प्रोग्रॅम दिवसभर हेच करत असतात. सी भाषेत त्यासाठी तयार हत्यारं मिळतात. त्यातल्या दोन हत्यारांनी मला आयुष्यभर पुरेल एवढं शिकवलं. एकाचं नाव स्ट्रटॉल, दुसऱ्याचं एटूआय.

स्ट्रटॉलनं मला पहिल्यांदा तोंडघशी पाडलं ते हजेरीच्या कामात. विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून मी मुलांच्या हजेरीचा प्रोग्रॅम लिहिला होता. हजेरी क्रमांक तीन अंकी: शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन, असे. स्ट्रटॉलला अक्षरांबरोबर आणखी एक गोष्ट सांगावी लागते, मोजणी दहाच्या पटीतली की आणखी कसली. मी ऐटीत सांगितलं, तूच ओळख. आता या हत्याराची एक जुनी सवय आहे. आकड्याच्या सुरुवातीला शून्य दिसलं की ते समजतं, ही आठाच्या पटीतली मोजणी. त्या मोजणीत सातानंतर थेट एकावर शून्य येतं, आठ आणि नऊ हे अंकच नसतात. त्यामुळे माझ्या प्रोग्रॅमनं आठ आणि नऊ क्रमांकाच्या मुलांना शून्य करून टाकलं, दहाव्याची हजेरी आठव्याच्या नावावर घातली आणि अकराव्याची नवव्याच्या. अकरावा क्रमांक ज्याचा होता तो मुलगा त्या सत्रात बहुतेक वेळ मांडवीच्या वाळूत क्रिकेट खेळत होता. नववा क्रमांक होता प्रज्ञा सकपाळ हिचा. ती एक दिवस चुकलेली नव्हती. हजेरी कमी असल्याची नोटीस तिच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, हातखंब्याच्या पुढे आतल्या बाजूला एका गावात. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मॅडम, ही पहाटेच्या एसटीनं घरातून निघते," ते म्हणाले. "तुमच्याकडे येत नसेल, तर जाते कुठे तेवढं सांगा. बाप म्हणून मला कळायला हवं."

प्रज्ञा मान खाली घालून उभी होती. मी यादी काढली, पाहिली, पुन्हा पाहिली, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. गुरुजींनी ते इतक्या मन लावून ऐकलं की मीच थोडी सावरले.

"आठ आणि नऊ नसलेली मोजणी!" ते म्हणाले. "मग त्यांच्यात पाढे कसे म्हणतात हो?"

मी त्यांना आठाच्या मोजणीतला पाचाचा पाढा लिहून दाखवला. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, मुलांना दाखवतो म्हणाले. जाताना प्रज्ञाला म्हणाले, "तुझ्या मॅडमनी चूक लपवली नाही, बघितलंस ना?" ते वाक्य पुढे मला फार जड गेलं.

त्या दिवसापासून मी स्ट्रटॉलचं नाव टाकलं आणि एटूआयला जवळ केलं. एटूआय साधं, गरीब. अक्षरं द्या, आकडा घ्या. ते काही विचारत नाही, कधी तक्रार करत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांना मी हेच सांगितलं, की फार शहाणपणा नको, एटूआय वापरा.

मग बरीच वर्षं गेली. प्रज्ञा पुण्याला नोकरीला लागली. तिचा अधूनमधून फोन यायचा. एकदा तिचा आवाज वेगळा वाटला. गुरुजींना मधुमेह होता, हे मला माहीत होतं. त्यानं डोळे गेले होते, हे माहीत नव्हतं. उजवा आधी, मग वर्षभरात डावा.

"मॅडम, आई अंगणवाडीत जाते, नऊ ते दोन," ती म्हणाली. "सकाळचं इन्सुलिन ती देऊन जाते. पण मधेच बाबांना गरगरतं. साखर वाढलीय की कमी झालीय ते कळत नाही. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायला ते स्वतः शिकलेत. आकडा वाचायला मात्र शेजारच्या सुगंधावहिनीला हाक मारावी लागते. आणि तुम्हाला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव. ते हाक मारतच नाहीत."

बोलणारी यंत्रं बाहेर मिळत होती, पण ती इंग्रजी बोलायची. "बाबांना इंग्रजी येतं," प्रज्ञा म्हणाली, "पण भोवळ आल्यावर नाही येत."

मी हो म्हटलं. त्या वेळी मी प्रयोगशाळेत अशा लहानसहान वस्तू करतच असे. त्यांच्या साखर मोजायच्या मीटरला खाली एक बारीक भोक होतं, त्यात तार जोडली की मीटर मोजलेली साखर अक्षरांत बाहेर पाठवायचं. ती अक्षरं घ्यायची, त्यांचा आकडा करायचा आणि तो मराठीत बोलायचा, एवढंच काम. बिस्किटांच्या डब्याएवढी पेटी, वर एक मोठं बटण, बाजूला स्पीकर. साखर सत्तरच्या खाली असेल तर आकडा सांगून पेटीनं पुढे म्हणायचं, "साखर कमी आहे, गोड खा." जास्त असेल तर "साखर जास्त आहे." हे शब्द डॉक्टरांना विचारून ठरवले होते. आवाज मात्र कोणाचा हवा, ते ठरत नव्हतं.

"माझा नको," गुरुजी म्हणाले. "मीच मला सांगतोय असं होईल. मी माझं कधी ऐकत नाही. हिचा घ्या."

ही म्हणजे काकी, प्रज्ञाची आई. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. "माझा? मी काय रेडिओवर बोलणारी आहे काय?"

"अंगणवाडीतली तीस पोरं तुझं ऐकतात, मी एक जास्त."

एका रविवारी आम्ही आवाज टिपायला बसलो. मराठीत आकडे बोलायचे तर मोठंच काम असतं. इंग्रजीत वीसच्या पुढे जोडजोडून भागवता येतं, आपल्याकडे नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येकाचं नाव वेगळं. त्यातही शंभर एकटा असेल तर शंभर, आणि पुढे काही आलं की एकशे. हे मी विसरले होते, गुरुजींनी आठवण केली. काकी एकेक आकडा म्हणत होत्या आणि गुरुजी खाटेवर बसून ऐकत होते, डोळे मिटून, तपासणीला आल्यासारखे.

"तेहत्तर," काकी म्हणाल्या.

"त्र्याहत्तर."

"आम्ही तेहत्तरच म्हणतो."

"अगो, ते मशीनमध्ये जायचंय, जन्मभर राहील."

"मग जन्मभर तेहत्तर ऐका."

त्र्याहत्तर चार वेळा झालं. एकोणसत्तरला बाहेर अंगणात, म्हणजे खळ्यात, कोंबडा आरवला. मला ते पुन्हा घ्यायचं होतं. गुरुजी नको म्हणाले, "राहू दे, एवढा एक लक्षात राहील." भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, खाली काकींच्या अंगणवाडीतल्या मुलांनी कागदाची केलेली फुलं. दुपारी त्यांनी मला कुळथाची पिठी आणि भात वाढला. इतका सुंदर रविवार माझ्या नोकरीत दुसरा आला नाही.

घरी येऊन मी शून्यापासून पाचशे नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकडा पेटीत घालून ऐकला. प्रत्येक. दोन दिवस लागले. सगळे बरोबर आले. आकडा नसलेलं काही मात्र मी त्यात एकदाही घालून पाहिलं नाही. मीटर आकडाच पाठवणार, हे मी धरून चालले होते.

आठ-नऊ महिने पेटी छान चालली. गुरुजींचा मधूनच फोन यायचा: "मॅडम, आज एकशे बत्तीस. प्रज्ञाच्या आईनं स्वतः सांगितलंन." ते सकाळी एकटे खळ्यात फिरू लागले होते, काठीनं जांभ्याची पायरी चाचपत. सुगंधावहिनींना आता उगाच त्रास द्यावा लागत नाही, याचं त्यांना फार समाधान होतं.

मग तो दिवस आला. गुरुजींच्या पायाला आठवडाभर जखम होती. काटा रुतला होता, कोणाला सांगितलं नव्हतं. जखम चिघळली की साखर भडकते. त्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांच्या तोंडाला कोरड पडली, हातपाय गळाल्यासारखे झाले. काकी अंगणवाडीत होत्या. गुरुजींनी टोचून घेतलं आणि बटण दाबलं.

पेटी काकींच्या आवाजात म्हणाली, "शून्य. साखर कमी आहे, गोड खा."

त्यांनी डब्यातला गुळाचा खडा खाल्ला. पाव तासानं पुन्हा तपासा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, म्हणून त्यांनी पुन्हा टोचलं. "शून्य. साखर कमी आहे, गोड खा." त्यांनी आणखी दोन खडे खाल्ले, वर साखरेचं पाणी प्यायले. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा त्यांनी काकींना फोन लावला, तो लागला नाही, अंगणवाडीत रेंज नसते. म्हणून मला लावला. मी प्रयोगशाळेत होते, समोर वीस मुलं.

"मॅडम," त्यांची जीभ जड झाली होती, "तुमचं यंत्र सांगतंय माझ्या रक्तात साखर शून्य आहे."

"काय?"

"तीनदा सांगितलं. गूळ खाल्ला तरी शून्य. मी विचार करतोय, शून्य असेल तर हे बोलतंय कोण?"

मला सगळं एका क्षणात दिसलं. साखर फार वाढली की, सहाशेच्या पलीकडे गेली की, ते मीटर आकडा देत नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं देतं: एच आणि आय. खूप जास्त. ती दोन अक्षरं तारेतून एटूआयकडे आली. एटूआयला कशाचाच आकडा करता आला नाही की ते शून्य देतं. खरंच शून्य आलं तरी शून्य, आणि काहीच कळलं नाही तरी शून्य. दोन्हींत ते फरक करत नाही. माझ्या प्रोग्रॅमनं ते शून्य घेतलं, सत्तरच्या खाली आहे असं पाहिलं आणि एका माणसाला गूळ खायला सांगितलं, ज्याच्या रक्तात आधीच साखरेचा कहर झाला होता.

"गुरुजी, आता काहीही खाऊ नका," मी म्हणाले. "फोन ठेवू नका. सुगंधावहिनींना हाक मारा. मोठ्यानं."

"तिची कामं असतील हो."

"गुरुजी, हाक मारा!" मुलं दचकून माझ्याकडे बघायला लागली.

त्यांनी हाक मारली. माझ्या कानावर ती फोनमधून आली, कापरी, पण शाळेच्या मैदानावर मारतात तशी. थोड्या वेळानं धावत आलेल्या बाईचा श्वास ऐकू आला. "काय वो गुरुजी? हे कसलं? यात एच आय लिवलाय." सुगंधावहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. माझ्या प्रोग्रॅमला जे वाचता आलं नाही ते त्यांनी उंबऱ्यातूनच वाचलं.

रिक्षानं त्यांना रत्नागिरीला आणलं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. काकी तासाभरानं पोचल्या, अंगणवाडीच्या साडीतच, हातात मुलांच्या खिचडीचा डाव तसाच. गुरुजींना आत घेतलं होतं, सलाईन लावली होती. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, थकलेल्या, चिडलेल्या.

"एवढी साखर असताना गूळ खायला यांना सांगितलं कोणी?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर मी शब्द शोधत होते, असे की ज्यात यंत्र असेल, मीटर असेल, आणि मी जरा मागे उभी असेन.

"मी," काकी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई त्यांना पुष्कळ बोलल्या. काकींनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरीणबाई आत गेल्यावर मी काकींचा हात धरला. "काकी, तुम्ही का... ते मी, माझ्या प्रोग्रॅमनं..."

"माझ्याच तोंडानं सांगितलान ना," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाच्या आवाजात सांगितला असता तर त्यांनी एवढा खाल्ला नसता. एकदा खाऊन विचार केला असता."

मी संध्याकाळी पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, एटूआयसकट. त्यांनी ऐकून घेतलं. "हे त्या बाईंसमोर सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाल्या. ते मला आजही मान्य आहे. हजेरीच्या वेळी चूक लपवली नाही म्हणून मला ज्यांनी शाबासकी दिली होती, त्यांच्याच घरची बाई माझ्यासमोर माझी चूक डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि मी ती तिथेच राहू दिली. काही तासच असतील. पण राहू दिली.

गुरुजी नऊ दिवस दवाखान्यात होते. पायाची करंगळी गेली, ते वाचले. काकींनी नंतर ती पेटी टॉवेलात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"त्यातनं माझा आवाज काढा," त्या म्हणाल्या. "बाकी तुमचं तुम्ही ठेवा."

मी काढला नाही, पण पेटी कपाटात टाकली. महिनाभर त्या कपाटाकडे बघितलं नाही. मग गुरुजींचा फोन आला. "मॅडम, माझं यंत्र कुठाय?"

मी गेले. ते खाटेवर बसले होते, पायाला पट्टी. काकींनी पाणी दिलं आणि आत गेल्या. मी सांगितलं, गुरुजी, ते आता नको. माझ्यानं होणार नाही.

"बरं," ते म्हणाले. "पण त्याचं चुकलं कुठे ते तर सांगा. पोरगं नापास झालं तर पेपर दाखवायला नको?"

मग मी त्यांना दोन्ही हत्यारं समजावली. एटूआय वाचतं आणि आकडा देतं, बस. स्ट्रटॉल मात्र आकडा तर देतंच, शिवाय वाचता वाचता आपण कुठपर्यंत पोचलो तेही सांगतं. जिथे अडलं, त्या अक्षराकडे दाखवून ते थांबतं. काहीच वाचता आलं नसेल तर ते पहिल्या अक्षरावरच उभं असतं. तेव्हा शून्य आलं तरी आपल्याला कळतं, की हे खरं शून्य नव्हे, याला वाचता आलेलं नाही.

गुरुजी पुढे सरकले. "म्हणजे बोट ठेवून वाचतं!"

"म्हणजे?"

"अहो, पहिलीतल्या पोरांना आम्ही तसंच शिकवतो. प्रत्येक अक्षराखाली बोट. पोरगं गप्प झालं की पहिल्यांदा बोट कुठाय ते बघायचं. जिथे बोट तिथे अडलंय. जी पोरं बोट न ठेवता भराभरा म्हणतात ना, ती पाठ म्हणत असतात. आम्ही फसतो तिथे." ते हसले. "तुम्ही एवढी वर्षं पोरांना बोट उचलून वाचायला शिकवलंत, मॅडम."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आठाच्या मोजणीपायी माझी जी फजिती झाली होती ती मी त्या हत्याराच्या माथी मारली होती. मोजणी दहाच्या पटीतली, एवढं मी स्पष्ट सांगितलं असतं तर ते कधीच चुकलं नसतं.

काकी आतल्या दाराशी उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"आणि नाय वाचता आलं," त्यांनी विचारलं, "तर ते काय म्हणेल?"

"तुम्ही ठरवाल ते, काकी."

त्या आत वळल्या. चहा ठेवायला गेल्या.

मी पेटी कपाटातून काढली. पुढचे तीन आठवडे मी तिला आकडे सोडून सगळं दिलं. जास्तचं चिन्ह, कमीचं चिन्ह, रिकामी ओळ, अर्धवट तुटलेली ओळ, आकड्यामागे चिकटलेली भलतीच अक्षरं, मधेच ओढून काढलेली तार. बोट शेवटपर्यंत पोचलं नाही तर आकडा बोलायचा नाही; एच आणि आय असेल तर तेवढं ओळखून वेगळं सांगायचं. पोचलं तरी जिवंत माणसाच्या अंगात असू शकेल एवढाच आकडा मानायचा. वर्गातही मी फळ्यावर एटूआय लिहिलं आणि मुलांना सांगितलं, हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, आणि त्यामुळे एका माणसाचं काय झालं ते ऐका. नाव सांगितलं नाही.

गणपतीनंतर काकींचा फोन आला. "रविवारी या. ते टिपायचं यंत्र घेऊन या."

गुरुजींना त्यांनी सुगंधावहिनींच्या खळ्यात नेऊन बसवलं होतं. "त्यांच्यासमोर नाही बोलता यायचं," म्हणाल्या. माझ्याकडे कागदावर वाक्यं लिहिलेली होती, डॉक्टरांनी तपासलेली. खूप जास्तीचं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं: "साखर खूप जास्त आहे. गोड खाऊ नका. लगेच दवाखान्यात जा." आवाज जरा करडा झाला होता, पण मी पुन्हा घेतला नाही. दुसऱ्या वाक्यासाठी मी कागद पुढे केला. त्यावर होतं, "वाचन अयशस्वी. कृपया मदत घ्या."

काकींनी कागद बाजूला ठेवला. पदर सारखा केला, आणि कोणी बसलंय अशा तऱ्हेनं समोरच्या रिकाम्या खाटेकडे बघून बोलल्या. मी टिपत राहिले. संपल्यावर म्हणाल्या, "एवढाच. पुन्हा नाही म्हणणार."

पंधरा दिवसांनी मी पेटी घेऊन गेले. गुरुजी, काकी, सुगंधावहिनी, सगळे पडवीत जमले होते. गुरुजी मला म्हणाले, "जयभीम मॅडम, लावा." मी माझी तपासणीची तार जोडली. आधी एकशे दहा पाठवला, पेटी बरोबर बोलली. मग ती दोन अक्षरं पाठवली, एच आणि आय. पेटीनं स्पष्ट सांगितलं, साखर खूप जास्त आहे, गोड खाऊ नका. सुगंधावहिनींनी हात जोडले.

मग मी तार अर्धी उपसली आणि गुरुजींना बटण दाबायला सांगितलं.

मग काकींचा आवाज आला, हळू, घरातल्यासारखा:

"अहो, मला नाही वाचता आलं. तुम्ही काही खाऊ नका. सुगंधाला हाक मारा, लाजू नका. मी येतेच आहे."

गुरुजींनी मान वळवली. पेटीकडे नाही, बाहेर वाटेकडे, जिथून काकी रोज दुपारी येतात.

"बरं," ते म्हणाले, "सावकाश ये."

काकी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. दोन पावलं पुढे झाल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाटेवर बसल्या.